विद्यापीठात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून उभं राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की हे प्रश्न यायला लागतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात कुणी राजकारणात नसतं, पाठीशी संघटना नसते, खिशात पैसे नसतात. पण वर्गात कुणाचा परीक्षेचा फॉर्म अडकला, कुणाची शिष्यवृत्ती आली नाही, की चार जण त्यांच्याकडेच येतात. हे पान मुख्यतः अशांसाठी आहे. निवडणुकीचे नियम कोरडे म्हणून कुणी वाचत नाही. नीट वाचले तर मात्र त्यातले बरेचसे नियम बिनपैशाच्या, एकट्या उमेदवाराच्या बाजूचे आहेत हे कळतं. जे त्याच्या आड येतात तेही खाली स्पष्ट लिहिलं आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका होतात का?

मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती अशा राज्याच्या विद्यापीठांत सगळ्या विद्यार्थ्यांच्या मतदानाने परिषद निवडण्याची पद्धत १९९४ पासून बंद आहे. त्याआधी जीएस (सरचिटणीस), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), एलआर (विद्यार्थिनी प्रतिनिधी) ही पदं मतदानाने भरली जायची आणि कॉलेजं आठवडाभर ढवळून निघायची. त्यात मारामाऱ्याही होत. १९८९ मध्ये मुंबईत या निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि बंदीच्या मागणीला जोर आला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्ता हा निकष आणला. आदल्या वर्षी वर्गात जो पहिला आला तो वर्ग प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक विभाग यांचे प्रतिनिधी आणि विद्यार्थिनींच्या प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायच्या.

हिंसा थांबायलाच हवी होती, याबद्दल वाद नाही. पण पहिला नंबर हा प्रतिनिधित्वाचा निकष होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या आलेल्या मुलीला कदाचित हॉस्टेलचा प्रश्नच नसतो, आणि ज्याला तो आहे त्याने तिला निवडलेलं नसतं. तिलाही कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ मध्ये थेट मतदानाने विद्यार्थी परिषद निवडण्याची तरतूद आहे. २०१९ मध्ये निवडणुका घेण्याचं जाहीर झालं, त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि मग करोना आला. म्हणजे कायद्यात मतदानाचा हक्क लिहिलेला आहे, पण तो बजावायची संधी मिळालेली नाही. प्राचार्य ‘आपल्याकडे निवडणुकीची तरतूदच नाही’ असं म्हणाले तर हे कलम त्यांना नम्रपणे दाखवा.

केंद्र सरकारच्या संस्थांना हा कायदा लागू नाही. पवईच्या आयआयटीत विद्यार्थी आपले जनरल सेक्रेटरी आणि हॉस्टेल कौन्सिल मतदानानेच निवडतात.

कायद्याप्रमाणे कोणती पदं असतात?

कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी. ही चार पदं कॉलेजातल्या सगळ्या नियमित विद्यार्थ्यांच्या मतांवर. शिवाय प्रत्येक वर्गाने निवडलेला एकेक वर्ग प्रतिनिधी. एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागातले विद्यार्थी नेमले जातात. विद्यापीठाच्या परिषदेचे पदाधिकारी कॉलेजांतून निवडून आलेले प्रतिनिधी निवडतात, आणि तिथला अध्यक्ष व सचिव अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, बसतात. अधिसभेत कुलगुरूंसमोर उभं राहून प्रश्न विचारता येतो, म्हणून या दोन जागांचं मोल मोठं आहे.

नोंदणीकृत पदवीधरांच्या अधिसभा निवडणुका वेगळ्या. त्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या असतात आणि त्या होतात. मुंबई विद्यापीठात २०२४ मध्ये झाल्या, दहा जागांसाठी. पदवी मिळाली की नाव नोंदवून ठेवा, कारण नोंदणी नसेल तर मत नाही.

मतदानच होत नसेल तर प्रतिनिधी कसं व्हायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कॉलेजात अशा काही जागा असतात जिथे विद्यार्थी बसवणं बंधनकारक असतं, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांचा पत्ताच नसतो.

पहिली जागा अंतर्गत तक्रार समितीतली. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी ही समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तिच्यात तीन विद्यार्थी असायला हवेत: एक पदवीचा, एक पदव्युत्तर, एक संशोधक. आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. प्राचार्यांनी दोन नावं कागदावर लिहिली, एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. आपल्या कॉलेजच्या समितीत विद्यार्थी कोण आहेत आणि त्यांची निवड कशी झाली, हे लेखी विचारा. आजवर निवड झालीच नसेल तर ती घेण्याची मागणी करा आणि स्वतः उभे राहा. हे काम जबाबदारीचं आणि गुप्तता पाळण्याचं आहे, मिरवण्याचं नाही. ज्याच्या तोंडात गोष्ट राहत नाही त्याने या जागेच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी जागा विद्यार्थी तक्रार निवारण समितीतली. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार तिच्यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. इथे नेमणूक गुणवत्तेवर, किंवा खेळ वा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर होते. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. शुल्क परत न मिळणं, कागदपत्रं अडवून ठेवणं, जाहिरातीत सांगितलेल्या सोयी न देणं, हे सगळं या समितीच्या कक्षेत येतं.

शिवाय महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. कॉलेजचं अंदाजपत्रक, इमारत, नव्या सोयी यांची चर्चा तिथेच होते. नॅकच्या मूल्यांकनासाठी असलेल्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही, विद्यार्थ्याला जागा असते. आणि हॉस्टेलची मेस कमिटी विसरू नका. रोजची भाजी, पोळ्या, पाण्याची टाकी, गॅसचं बिल हे हाताळताना हिशेब ठेवायला, ठेकेदाराशी बोलायला आणि चाळीस जणांचा राग ऐकून घ्यायला माणूस शिकतो. तिथे टिकलेला प्रतिनिधी पुढे कुठेही टिकतो.

लिंगडोह समिती, लिंगडोह समिती म्हणतात, ती नेमकी काय?

सर्वोच्च न्यायालयात केरळमधल्या विद्यार्थी निवडणुकांचं एक प्रकरण चालू होतं. न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २००६ मध्ये अहवाल आला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने त्यातल्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. त्यामुळे देशात कुठेही विद्यार्थी निवडणूक झाली की याच चौकटीत होते.

मी पात्र आहे का? एटीकेटी असेल तर?

ज्या वर्षी उभं राहायचं त्या वर्षी विषय मागे राहिलेला नसावा, असं लिंगडोह नियम सांगतात. एटीकेटी असेल तर बहुतेक ठिकाणी छाननीतच अर्ज बाद होतो. हजेरी विद्यापीठाने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यांतली जी जास्त असेल ती. वयाची अट पदवीसाठी १७ ते २२, पदव्युत्तरसाठी २४-२५ पर्यंत, संशोधकांसाठी २८. नियमित, पूर्ण वेळ विद्यार्थी हवा आणि अभ्यासक्रम किमान एका वर्षाचा हवा. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना उभं राहता येत नाही. गुन्ह्यात खटला चाललेला वा शिक्षा झालेली नसावी, विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई नसावी.

पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकदाच उभं राहता येतं. कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. हरलात तरी ती संधी संपली. म्हणून कोणत्या वर्षी उभं राहायचं याचा विचार आधी करा. तीन वर्षांच्या पदवीत दुसरं वर्ष बरं पडतं, कारण पहिल्या वर्षी लोक ओळखत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी निवडून आल्यावर काम हातात घेईपर्यंत परीक्षा येते.

या अटी सगळ्यांना सारख्या लागत नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. जो मुलगा सकाळी पेपर टाकतो किंवा रात्री गोदामात काम करतो त्याची ७५ टक्के हजेरी भरणं कठीण. जिच्या शिक्षणात लग्नामुळे किंवा घरच्या आजारपणामुळे दोन-तीन वर्षांचा खंड पडला, ती वयाच्या अटीत सापडते. प्रतिनिधीची सगळ्यात जास्त गरज नेमकी यांनाच असते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूमध्ये, या अटींवरून मोठा संघर्ष झाला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली आणि ती मार्च २०१२ मध्ये, काही अटी सैल झाल्यावर, पुन्हा झाली.

तुम्ही अटीत बसत नसाल तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा वर्गमित्राला उभं करा आणि त्याच्या प्रचाराची धुरा घ्या.

माझ्याकडे पैसे नाहीत. उभं राहू का?

राहा. खर्चाची कमाल मर्यादा पाच हजार रुपये आहे. ही रक्कम २००६ ची आहे. तेव्हा ती बरी होती, आज तेवढ्यात मोठ्या कॉलेजातला प्रचार ओढाताणीने होतो. पण मर्यादा तुमच्यासारखीच समोरच्यालाही आहे, आणि तिचं उल्लंघन सिद्ध झालं तर त्याची निवड रद्द होते. निकालानंतर दोन आठवड्यांत प्रत्येक उमेदवाराने तपासलेला हिशेब द्यायचा असतो. राजकीय पक्षाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. विद्यार्थ्यांनी स्वखुशीने दिलेली वर्गणी चालते.

छापील पोस्टर आणि छापील पत्रकं चालत नाहीत. फक्त हातांनी केलेली पोस्टर, तीही ठरवून दिलेल्या जागीच. गाडी, लाउडस्पीकर, जनावरं प्रचारात आणायची नाहीत. कॅम्पसबाहेर सभा-मिरवणूक नाही. हे नियम वाचताना आधी वाटतं, काहीच करू देत नाहीत. जरा थांबून विचार करा: फ्लेक्स, गाड्यांचा ताफा, ढोल-ताशा, जेवणावळी हे सगळं वजा केलं तर निवडणुकीत उरतं काय? वर्गावर्गात जाणं, नाव लक्षात ठेवणं, बोलणं आणि ऐकून घेणं. यासाठी लागते ती चिकाटी, आणि ती श्रीमंत उमेदवाराला विकत मिळत नाही.

पैसे कशावर खर्चायचे? कार्डशीट, स्केचपेन, दोरी, डिंक. हस्तलिखित पत्रकाच्या झेरॉक्स चालतात का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्या. उत्तर ठिकाणागणिक बदलतं. चहाचा खर्चही हिशेबात धरा. अगदी दहा रुपयांची पावतीसुद्धा वहीत चिकटवा, कारण पुढे तक्रार झाली तर ही वहीच तुमच्या कामाला येईल.

पण समोरचा लाखो उधळतो, त्याचं काय?

उधळतात हे खरं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीत वर्षानुवर्षं छापील चिठ्ठ्यांचा खच रस्त्यावर पडायचा. भिंतींवर उमेदवाराचं नाव मुद्दाम एक अक्षर चुकवून लिहिलेलं असायचं, म्हणजे तक्रार झाली तर ‘तो मी नव्हेच’ म्हणता येतं. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कठोर भूमिका घेतली. मतदान २७ सप्टेंबरला झालं, पण विद्रूप केलेल्या भिंती साफ होईपर्यंत मतमोजणीला परवानगी मिळाली नाही. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने उमेदवारांकडून एक लाख रुपयांचं हमीपत्र मागितलं. भिंती रंगवणाऱ्यांना जरब बसावी हा हेतू समजतो, पण गरीब घरातली मुलगी लाखाच्या हमीचा कागद पाहूनच मागे सरकते. खर्चाची मर्यादा तिच्यासाठी दार उघडते आणि असं हमीपत्र ते लोटून घेतं.

तुमच्या हातात आहे ते पुरावा गोळा करणं. तारीख-वेळेसह फोटो काढा, साक्षीदारांची नावं लिहा आणि तक्रार निवारण कक्षाकडे स्वतःच्या नावाने अर्ज करा. या कक्षात विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, असतात. निनावी तक्रार चालत नाही. निकालानंतर तीन आठवड्यांपर्यंत मुदत असते.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम चालतं का?

२००६ च्या शिफारशी लिहिल्या गेल्या तेव्हा हा प्रकारच नव्हता. त्यामुळे संस्थेची सूचना पाहा. पैसे देऊन केलेली जाहिरात खर्चात धरा. वर्गाच्या अभ्यासाच्या ग्रुपवर प्रचार टाकू नका, लोक चिडतात. आणि आपल्या जुन्या पोस्ट स्वतः एकदा वाचून काढा. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष म्हणून एक भारतीय तरुणी निवडून आली आणि जुन्या पोस्टवरून वाद उठल्यावर काही दिवसांतच तिने राजीनामा दिला.

संघटनेच्या पॅनलमधून लढू की स्वतंत्र?

संघटनेकडे माणसं असतात, अनुभव असतो, मतमोजणीला बसायला प्रतिनिधी असतात. विचार पटत असेल तर तिथून लढण्यात काही गैर नाही. पण निवडणूक प्रक्रियेत विद्यार्थी नसलेल्या कुणीही भाग घ्यायचा नाही, असं नियम सांगतात. तुमच्या पॅनलचे निर्णय बाहेरचे भाऊ-दादा घेणार असतील तर निवडून आल्यावर तुमची सहीसुद्धा त्यांच्याच सांगण्यावर होईल. आधी विचारा: वसतिगृहाच्या प्रश्नावर मला संघटनेच्या मताविरुद्ध बोलता येईल का? उत्तर ऐकून ठरवा.

स्वतंत्र लढणाऱ्याने किमान दहा-बारा जणांची टोळी जमवावी, आणि ती आपल्याच वर्गातली, आपल्याच गावाकडची नसावी. कला, वाणिज्य, विज्ञान, सकाळची बॅच, दुपारची बॅच, हॉस्टेल, अप-डाउन करणारे, प्रत्येकातला एकेक हवा. एसटीने रोज येणारी मुलं शेवटच्या तासानंतर थांबत नाहीत. त्यांच्याशी स्टँडवर जाऊनच बोलावं लागतं.

जाहीरनाम्यात काय लिहू?

जे तुम्ही ऐकलं तेच लिहा. आधी आठवडाभर वही घेऊन फिरा, विचारा, आणि उत्तर देऊ नका, फक्त लिहा. मग त्या यादीचे तीन भाग करा. पहिला भाग कॉलेजच्या हातातला: पिण्याचं पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहातली कडी आणि कचरापेटी, ग्रंथालयाची वेळ, वाचनकक्षातला पंखा. दुसरा विद्यापीठाच्या हातातला: उशिरा लागणारे निकाल, पुनर्मूल्यांकनाचं शुल्क, परीक्षेच्या तारखा. तिसरा सरकारच्या हातातला: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेली शिष्यवृत्ती, स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचे न आलेले हप्ते.

पहिल्या भागातलं ‘करू’ म्हणा. दुसऱ्यातलं ‘विद्यापीठाकडे नेऊ’ म्हणा. तिसऱ्यातलं ‘पाठपुरावा करू’ म्हणा, आणि तो कसा करणार तेही लिहा. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी कॉलेजच्या लॉगिनवर पडून असतो, कधी समाजकल्याण कार्यालयात, कधी विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेलं बँक खातं बंद असतं. ज्याने वीस मुलांचे अर्ज नेमके कुठे अडकलेत हे शोधून काढलं त्याला भाषणाची गरज पडत नाही. यासाठी निवडून येण्याची वाटही पाहू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. कॉलेजने विकास शुल्क, जिमखाना शुल्क म्हणून किती गोळा केलं आणि कशावर खर्च केलं, हा पहिला अर्ज असू द्या. अनुदानित कॉलेजांना हा कायदा लागू होतो.

वायफाय देऊ, कॅन्टीन स्वस्त करू ही आश्वासनं सगळेच देतात. कॅन्टीनचा करार कधी संपतो आणि नव्या निविदेत दरांची अट कोण घालतं, हे सांगणारा उमेदवार वेगळा दिसतो.

मला भाषण येत नाही. इंग्रजी तर नाहीच.

वर्गात दोन मिनिटं मिळतात. शिक्षकांची परवानगी घेऊन आत जा. तास अडवून प्रचार करायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. नाव, वर्ग, एक प्रश्न, त्यावर तुम्ही आजवर काय केलं, मत द्या. एवढंच. मराठीत बोला. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वळणाची मराठी असेल तर तशीच बोला. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या घरी तीच बोलली जाते. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यावर, जातीवर, धर्मावर बोलायचं नाही. नियमही तेच सांगतो.

‘आपल्या समाजाची मतं’ धरून चालू का?

नाही. जातीच्या वा धर्माच्या नावाने मत मागायला आचारसंहितेत बंदी आहे. पण राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न मांडणं म्हणजे जातीवर मत मागणं नव्हे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात वैधता प्रमाणपत्रासाठी लागणारे हेलपाटे हे मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना भिडणारे प्रश्न आहेत. ते मोकळेपणाने मांडा, आणि तुम्ही त्या प्रवर्गातले नसाल तर आवर्जून मांडा.

मी मुलगी आहे. घरचे नको म्हणतात.

घरच्यांची भीती बहुधा दोन गोष्टींची असते: रात्री-अपरात्रीचं फिरणं आणि बदनामी. लिंगडोह नियमांप्रमाणे अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरकायचं असतं. हे आई-बाबांना कॅलेंडरवर दाखवा. प्रचार कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या आवारात होतो. सोबतच्या दोन मैत्रिणींना घरी नेऊन भेटवा. घाणेरडे मेसेज, फोटो, शेरेबाजी झाली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि अंतर्गत तक्रार समितीकडे जा. निवडणुकीत असं चालायचंच, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आणि महिला प्रतिनिधीची जागा आहे म्हणून तिथेच उभं राहायला हवं असं नाही. अध्यक्षपद सगळ्यांना खुलं आहे. पॅनल ठरवताना मुलींना ‘एलआर’ला बसवून बाकीची पदं मुलांनी वाटून घेण्याची जुनी खोड आहे, ती मोडायची तर अध्यक्षपदाचा अर्ज मागावा लागेल.

मी दिल्लीला शिकायला चाललोय. तिथे वेगळं काय असतं?

जेएनयूमध्ये निवडणूक विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती चालवते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव ही मध्यवर्ती चार पदं, आणि प्रत्येक स्कूलचे, म्हणजे विद्याशाखेचे, कौन्सिलर. नवख्याने कौन्सिलर पदापासून सुरुवात करावी. मतदानाआधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा होते. उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात, समोर बसलेले विद्यार्थीही विचारतात, आणि ती रात्री उशिरापर्यंत चालते. प्रचार जेवणाच्या वेळी मेसमध्ये, टेबलाटेबलांवर होतो. मतदान कागदी मतपत्रिकेवर असल्याने मोजणी लांबते. हिंदी मोडकी असली तरी चालते. तिथे बिहार, केरळ, बंगाल, मणिपूरची मुलं आपापल्या हिंदीत बोलतात. दिल्ली विद्यापीठाचा पसारा याहून कितीतरी मोठा, मतदान यंत्रावर, आणि तिथे एकट्याने मध्यवर्ती पद लढवणं फार अवघड. आपल्या कॉलेजच्या युनियनपासून सुरू करा.

वादसभेची पद्धत आपल्याकडे आजच सुरू करता येईल. तिला कायदा लागत नाही, एक हॉल आणि वेळ पाळायला लावणारा सूत्रसंचालक लागतो.

ब्रिटनमध्ये एमएस करतेय. मला उभं राहता येईल?

येईल. तिथल्या विद्यार्थी संघटनांची मुख्य पदं वर्षभराची, पूर्ण वेळ आणि पगारी असतात. १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार असं पद एकूण दोन वर्षांहून जास्त भूषवता येत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर ते करता येतं. बऱ्याच ठिकाणी पसंतीक्रमाने मत देतात: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. त्यामुळे दुसऱ्या उमेदवाराच्या समर्थकांकडेही जाऊन ‘दुसरी पसंती मला द्या’ म्हणावं लागतं. भारतीयांच्या ग्रुपवर समाधान मानणारे इथेच मागे पडतात.

मतदानाच्या दिवशी काय सांभाळू?

ओळखचिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर, त्यावर चिन्ह वा उमेदवाराचं नाव नाही. पाण्याखेरीज खायला-प्यायला काही वाटायचं नाही. त्या दिवशी प्रचार नाही. मतदारांकडे ओळखपत्र आहे का, याची आठवण आदल्या दिवशीच द्या.

अभ्यास बुडेल का?

निवडणुकीच्या दहा दिवसांत बुडतो. पुढे वर्षभर बुडू द्यायचा नसेल तर भेटीची वेळ ठरवा, दुपारी एक ते दोन, आणि ती वर्गाच्या दारावर लिहून लावा.

निवडून आलो तर पहिल्या महिन्यात काय करू?

प्राचार्यांना भेटायला एकट्याने जाऊ नका, हरलेल्या एखाद्या उमेदवाराला सोबत न्या. भेटीत ठरलेलं त्याच दिवशी पत्राने कळवा आणि आवक क्रमांक घेतलेली प्रत जपून ठेवा. तोंडी ‘बघू’ हे उत्तर नसतं. बैठकीचं इतिवृत्त मागा, आणि त्याचा सारांश वर्गावर्गात वाचून दाखवा. निवडणुकीनंतर दोन महिन्यांच्या आत पद सोडावं लागलं तर पुन्हा मतदान होतं. त्यानंतर सोडलं तर, ही पदं असतील तिथे, अध्यक्षाच्या जागी उपाध्यक्ष आणि सचिवाच्या जागी सहसचिव येतो.

आणि हरलो तर?

हिशेब तरीही दोन आठवड्यांत द्यायचा असतो, तो द्या. गैरप्रकार झाला असेल तर तीन आठवड्यांच्या आत तक्रार करा. फिरताना ऐकलेल्या प्रश्नांची वही जिंकलेल्या प्रतिनिधीच्या हातात द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. महाडीबीटीवर ज्या मुलांचे अर्ज अडकलेले सापडले होते त्यांना शेवटच्या तारखेआधी फोन करा. अंतर्गत तक्रार समितीतल्या विद्यार्थी सदस्यांची निवड कधी आहे ते विचारा. एक संधीची अट विद्यार्थी संघाच्या पदांपुरती आहे, या समितीला ती लागत नाही.